छपराखालचे पंचवीस मीटर

माझ्या मेयरामच्या तोंडात 'नाही' हा शब्द देवाने घातलाच नाही. शेजारी म्हणाला, स्टेशनावरून माझे पाहुणे आण, की हा हो. मेव्हणा म्हणाला, गाडी दे, की हो. एकाच दिवशीच्या दोन लग्नांना हो म्हणून बसतो आणि शेवटी तिसऱ्याच्याच घरी जेवताना सापडतो. गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे त्याचं. तिथेही तेच. नसलेला भाग 'उद्या देतो' म्हणून गिऱ्हाइकाला हसत वाटेला लावतो आणि उद्या फोन मी उचलते. अख्खं करागंडा शहर म्हणतं, कुल्पाशबाईंचा मुलगा काय गोड आहे हो! असेल गोड. मुंग्या माझ्या घरात येतात.

हे मी त्याच्या तोंडावर कितीदा सांगितलंय. तो हसतो, माझ्या गालाला गाल लावतो आणि कुणाला तरी हो म्हणायला निघून जातो. एवढी वर्षं मी ते चालवून घेतलं. या हिवाळ्यात मात्र त्याचं 'हो' माझ्या बालाउसाच्या अंगावर आलं.

बालाउसा त्याची थोरली. त्याची म्हणायचं ते कागदापुरतं. आमच्यात पहिलं नातवंड आजी-आजोबांचं. चाळीस दिवसांची झाली तशी सुनेने तिला आणून माझ्या मांडीवर ठेवली, तेव्हापासून ती माझी. मला आई म्हणते, मेयरामला दादा म्हणते, आणि रागावली की नुसतं मेयराम. तो ऐकून घेतो. त्याचं बिऱ्हाड वरच्या मजल्यावर, सून आणि धाकटे दोघे तिकडे. खाली मी आणि ही.

ही पोरगी पिस्तूल चालवते. शाळेच्या तळघरात जुनी शूटिंग रेंज होती. तिथल्या प्रशिक्षक एर्ना फ्योदोरोव्हनाने सगळ्या मुलींना एकदा हात पुढे करून उभं केलं, जिचे हात थरथरले नाहीत तिला ठेवून घेतलं. शेजारणी मला म्हणाल्या, मुलीच्या जातीला बंदूक कशाला? मी म्हटलं, तुमच्या मुलींना मोबाईल कशाला? माझं सगळं आयुष्य खाणीच्या दिवाखोलीत गेलं. खाली उतरणाऱ्याच्या हातात दिवा द्यायचा, वर आलेल्याकडून परत घ्यायचा. ज्या खिळ्यावर दिवा परत लटकला नाही, तसे खिळेही मी पाहिले आहेत. ठो-ठो आवाजाने मी दचकणारी बाई नव्हे.

हिवाळा लागला आणि शाळेतला गरम पाण्याचा नळ फुटला. तळघरात गुडघाभर पाणी, आणि चार दिवसांत त्या पाण्याचं बर्फ. हेडमास्तरांनी कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. उघड्यावर सराव करायचा म्हटलं, तर आमच्याकडे जानेवारीत चाप ओढला की बोट चापालाच राहील.

एर्ना माझ्या घरी आली, टोपी न काढताच बसली.

"कुल्पाश, मार्चअखेर निवड स्पर्धा आहे. हिचा हात तयार आहे. पण हात म्हणजे लोणी असतं बाई, थंडीत ठेवलं की दगड. दिवसाआड तरी गोळ्या सुटायला हव्यात. यंदा हुकलं तर पुढच्या वर्षी ती मोठ्यांच्या गटात जाते, तिथे आपल्यासारख्यांना कोण विचारतं? यंदा झालं तर राजधानीच्या क्रीडाशाळेत जागा. पिस्तूल, गोळ्या मी आणते. तुम्ही मला छपराखाली पंचवीस मीटर शोधून द्या."

बालाउसा खिडकीशी उभी होती. पडद्याची दोरी बोटाभोवती गुंडाळून सोडत होती. एर्ना गेल्यावर तिने वर जाऊन विचारलं, "दादा, तू बघशील का?"

"बघतो की! त्यात काय!" मेयराम म्हणाला.

आठवडा गेला. मेयरामने मेव्हण्यासाठी टायर बघितले, शेजाऱ्यासाठी कुत्रा बघितला. मग मी माझे लोकरी बूट चढवले.

या वयात बर्फावरून चालायचं म्हणजे प्रत्येक पाऊल आधी मनात टाकून मग जमिनीवर टाकायचं. गुडघे माझे खाणीतल्या लिफ्टसारखे, वर जाताना कुरकुरतात आणि खाली येताना जास्त. बस कधी यायची, कधी नाही. आली की काचांवर आतून बर्फ, त्यामुळे आपण कुठे आलो ते ड्रायव्हरलाच विचारायचं, आणि तो सांगणार तेव्हा आपलं ठिकाण मागे गेलेलं.

पहिली रेंज सापडली बाजारामागे. भिंतीवर कापडी अस्वलं टांगलेली, समोर बाटल्या, आणि छऱ्याच्या बंदुका घेऊन पोरं बिअर पीत उभी. लांबी माझ्या स्वयंपाकघराएवढी.

"आजी, अस्वल पाडायचंय?" दारातला म्हणाला.

"तुलाच पाडलं असतं," मी म्हटलं, "पण बक्षीस म्हणून घरी न्यावं लागेल."

दुसरी होती पहारेकरी पुरवणाऱ्या एका कंपनीच्या तळघरात. लांबी पुरेशी, म्हणून एर्नाही सोबत आली होती. पण आत पाऊल टाकलं आणि डोळ्यांत पाणी आलं. धूर असा की समोरच्या भिंतीवरचा दिवा चंद्रासारखा दिसत होता.

"पंखा आहे का?" मी विचारलं.

"आहे ना."

"फिरतो का?"

"साहेब आले की फिरतो."

तेवढ्यात एक जण नवा कागद लावायला निशाणाकडे चालत गेला, आणि त्याच्या पाठीमागे दुसरा खुशाल पिस्तुलात गोळ्या भरत उभा. एर्नाचा चेहरा चुन्यासारखा झाला. मी बालाउसाच्या दंडाला धरलं आणि तिला पायऱ्यांवरून वर ओढली. रस्त्यावर आल्यावर ती म्हणाली, "आई, पण लांबी बरोबर होती."

"थडग्याचीही लांबी बरोबरच असते," मी म्हटलं.

तिसरी, एका मोठ्या क्रीडासंकुलातली, खरोखर चांगली. पण तिथल्या खिडकीतली बाई नखं रंगवत होती आणि सगळ्या वेळा भरलेल्या होत्या. सकाळी पोलीस, दुपारी बँकवाले, संध्याकाळी साहेबांचे मित्र. "फोन करू," ती म्हणाली. माझा नंबर तिने लिहूनसुद्धा घेतला नाही. मी तिला तसं म्हटलं, तर म्हणते, लक्षात राहील.

हिंडून हिंडून मला एवढं कळलं, की रेंज चांगली की वाईट हे स्वयंपाकघरासारखंच ओळखायचं. धूर कुठे जातो ते बघावं. उजेड कामावर पडतो की करणारीच्या डोळ्यांत, ते बघावं. आणि तिथे कुणाचा शब्द चालतो ते बघावं. 'थांबा' म्हटल्यावर सगळे हात थांबले पाहिजेत. तसं घर मला करागंडात सापडेना. संध्याकाळी बालाउसा माझ्या पायांना मेंढीची चरबी चोळायची आणि मग भिंतीकडे तोंड करून रिकामा हात लांब धरून उभी राहायची. मी घड्याळाकडे बघायची नाही. तिचा हात खाली आला की मला झोप यायची.

आणि मग एक दिवस मेयराम शीळ घालत खाली आला.

"आई, उगाच पाय झिजवलेस. तेमिरखानच्या दुकानाखाली रेंज आहे. एकदम नवी. म्हणाला, केव्हाही या, पैशाचं नाव काढायचं नाही."

"का?"

"अगं, मित्र आहे. का काय?"

मी दमलेली होते. एरवी या 'का'चं उत्तर मिळाल्याशिवाय मी जागची हलले नसते. त्या दिवशी मला फक्त एवढंच ऐकू आलं, की आता बसमधून हिंडायचं नाही.

तेमिरखान शिकारीच्या बंदुका आणि तंबू विकतो. दुकानाखाली उतरलो आणि एर्ना पायरीवरच थबकली. हवा आपल्या पाठीमागून येऊन निशाणाच्या बाजूला हळूच ओढली जात होती, धूर माणसाकडे वळतच नव्हता. समोर तिरपे पोलादी पत्रे, त्याखाली वाळू. पांढरा, न डोलणारा उजेड नेमका कागदांवर. आणि ऊब! बोटं आपोआप सैल झाली. तेमिरखान स्वतः लाल रेषेशी उभा होता. कुणीतरी बोलता बोलता रेषेपलीकडे पाय टाकला, तर त्याने नुसता हात वर केला आणि सगळे थांबले.

बालाउसाने पहिल्यांदा नेम धरला तेव्हा मी तिची पाठ बघत होते. शाळेच्या तळघरात ती खांदे आवळून उभी राहायची, थंडीने. इथे खांदे खाली आले. गोळ्या अशा एका ठिकाणी बसल्या की कागदाला मोठं भोक एकच.  एर्नाने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला.

मग आमचा नेम झाला, दिवसाआड. मागे बाकावर बसून मी उंटाच्या लोकरीचे मोजे विणायची. तेमिरखानची बायको रौशान वरून चहा घेऊन यायची. चांगली बाई. वाटी अर्धीच भरायची, मान राखून, म्हणजे पुन्हा पुन्हा विचारता येतं. मात्र तिचे डोळे कागदावर नसायचे, बालाउसाच्या मनगटावर असायचे, वेणीवर असायचे. मोठा मुलगा नुर्कान कधी खाली यायचा, खोकी इकडची तिकडे ठेवायचा आणि कानापर्यंत लाल होऊन परत जायचा. मला वाटलं, वय आहे, होतो माणूस लाल.

फेब्रुवारीत एक दिवस रौशानने वाटी माझ्यापुढे धरली आणि म्हणाली, "घ्या विहीणबाई, आज साय जास्त आहे."

माझी सुई टाक्यातच राहिली. मी वाटी घेतली. भरल्या घरात चहा नाकारू नये म्हणून घेतली. पण ती प्याले नाही, हातात धरून बसले. गार झाली तशी बाकावर ठेवून दिली.

घरी आल्यावर मी मेयरामला खाली बोलावलं.

"मेयराम, कलेजी कुठे खाल्लीस?"

"कुठली कलेजी?"

"शेपटीच्या चरबीबरोबरची."

तो माझ्या टेबलावरची मिठाची वाटी सरकवायला लागला. मेंढ्याची कलेजी आणि शेपटीची चरबी एका ताटात आली, की शहाणा माणूस हात मागे घेतो. दोन घरांनी ती एकमेकांच्या हातून खाल्ली की व्याही झाले. मागे फिरायचं नाव नाही. हे आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा जाणतं.

"आई, त्यांच्याकडे हिवाळ्याच्या बेगमीचा घोडा कापला होता. चांगली दहा-पंधरा माणसं होती. मी साधं जेवण समजून गेलो."

"घोड्याच्या जेवणात मेंढ्याची शेपटी कुठून आली?"

"ते… ताट पुढे आलं तेव्हाच कळलं. पण सगळे बघत होते. मी आधी रेंजचं बोललो होतो. तेमिरखान म्हणाला, रेंज आपल्याच मुलीची आहे, उद्यापासून पाठव. आणि त्याच्या थोरल्या भावाने घास माझ्या तोंडाशी धरला. कसं नाही म्हणणार गं?"

"तोंड मिटून."

"मुलगा चांगला आहे, आई. दारूला शिवत नाही."

"घोडाही शिवत नाही."

"लग्न काही आज नाहीये. शाळा झाल्यावर, उन्हाळ्यात. मला वाटलं, तोवर कुणी सांगेल तुला."

"कुणी म्हणजे कोण? तुझ्यातला दुसरा माणूस?"

बालाउसा दारात उभी होती हे आम्हा दोघांना तेव्हा दिसलं. तिच्या हातात पिठाची परात होती. ती तिने नीट टेबलावर ठेवली.

"दादा," ती म्हणाली, "कलेजीला मीठ बरोबर होतं का?"

मेयराम उठला आणि वर गेला. जिन्यावर त्याच्या चपलांचा आवाज आला, मग वरच्या दाराचा.

मला वाटलं पोरगी रडेल. ती रडली नाही. परातीतलं पीठ मळत म्हणाली, "आई, मार्चपर्यंत गप्प बसूया. निवड झाली की सांगू, नाही म्हणून. तोवर त्यांना काय कळतंय."

मी तिच्या हातांकडे बघत बसले. खरं सांगते, माझे पाय लगेच तयार झाले. पाय म्हणाले, कुल्पाश, पोरगी बरोबर बोलतेय. ती बस नको, तो बर्फ नको, ती नखं रंगवणारी नको. महिनाभर तर उरलाय. कपाळावर लिहिलेलं नसतं कोण मनात काय घेऊन चहा पितंय. आणि मी गप्प बसले. पुढच्या वेळी आम्ही पुन्हा गेलो.

त्या दिवशी रौशान माझ्याजवळ अगदी टेकून बसली.

"विहीणबाई, मी नुर्कानच्या बाबांना सांगून ठेवलंय. मुलीची हौस मोडायची नाही. लग्नानंतरही खाली येऊन मारू दे की तिला, घरचीच रेंज आहे. स्पर्धाबिर्धा मात्र नको हो. सून आज इथे, उद्या तिथे, परक्या गावी हॉटेलात. लोकांना काय सांगायचं?"

किती मायेने बोलली ती! माझ्या हाताखाली उशी सरकवत बोलली. तिच्या मनात काही वाकडं नव्हतं, हेच मला जड गेलं. वाईट बाई असती तर मी तिथल्या तिथे दोन शब्द सुनावून मोकळी झाले असते. आणि समोर माझी पोरगी उभी, खांदे आवळून. त्या ऊबदार जागेत, शाळेच्या तळघरात उभी राहायची तशी. तिने हात उचलला, खाली घेतला. पुन्हा उचलला, पुन्हा खाली घेतला. एर्ना तिच्या कानात काहीतरी म्हणाली. गोळी सुटली ती कागदाच्या पांढऱ्या कडेला. तिची गोळी तिकडे जाताना मी कधी पाहिली नव्हती.

मी विणकाम पिशवीत टाकलं. "रौशान," मी म्हटलं, "उद्या मी तुमच्या घरी येते. तेमिरखानला घरी राहायला सांग."

दुसऱ्या दिवशी मेयरामला गाडी काढायला लावली. कपाटातून मखमली झगा काढला, माझ्या नवऱ्याच्या साठीला आलेला, घडीसुद्धा न मोडलेला. शब्द मोडायला जाताना हात रिकामे असू नयेत. वाटेत मेयराम म्हणाला, "आई, मी काय बोलू?"

"काहीच नाही. तुला ते जमत असेल तर बघ."

तेमिरखानने मला मानाच्या जागी, दारापासून सगळ्यात लांब बसवलं. भाकरी मांडली, लोणी, कणकेचे गरम तळलेले बौरसाक. मी एक तुकडा मोडला, तोंडात घातला आणि झगा त्याच्यापुढे ठेवला. त्याला लगेच कळलं. त्याचा चेहरा बंद झाला, दुकानाचं शटर ओढल्यासारखा.

"आपा," तो म्हणाला, "कलेजी खाल्लीय. लोकांदेखत. माझ्या थोरल्या भावाने स्वतःच्या हाताने भरवलीय."

"खाल्ली. पण खाल्ली कुणी?"

"तिच्या बापाने."

"ती माझी मुलगी आहे, तेमिरखान. हा तिचा दादा. आई जिवंत असताना भावाने बहिणीची कलेजी खायची, हे तुमच्या गावात चालतं का?"

रौशानने पदराखाली तोंड धरावं तसा रुमाल तोंडाला लावला. तेमिरखान मेयरामकडे वळला.

"तू तेव्हा बोलला नाहीस."

मेयरामने तोंड उघडलं. मी वाट बघत होते, आता काय 'हो' निघतंय याची. तो म्हणाला, "बोललो नाही, तेमिरखान. मला लाज वाटली." एवढंच. मग खाली बघत बसला.

"लाज तुम्हाला वाटली, आणि लोक मला हसणार," तेमिरखान म्हणाला. "मुलाबद्दल विचारतील, नुर्कानमध्ये काय खोट आहे?"

"काही खोट नाही. कुणी विचारलं तर माझं नाव सांग. म्हण, कुल्पाश म्हातारी खडूस आहे, हट्टी आहे, डोक्याने गेलीय. कुणाला आश्चर्य वाटणार नाही. तुझ्या बायकोने मला आईसारखं जपलं, ते मी विसरणार नाही. पण त्या पोरीने लग्नाचा शब्द दिलेला नाही आणि मीही नाही. आणि तुझ्या तळघरात बसून मी तुझा चहा प्याले ते समजून-उमजून, एक दिवस. त्याबद्दल हा झगा आहे. घे."

बराच वेळ तो झग्याकडे बघत राहिला. शेवटी घेतला. अंगावर घातला नाही, बाजूला ठेवला. दोन वाट्या चहा झाला, हवापाण्याचं बोलणं झालं, कुणाची गाय व्याली ते झालं. आम्ही उठलो तसा तो दारापर्यंत आला, माझे बूट त्याने स्वतः सरळ करून ठेवले. मग म्हणाला, "आपा, रेंजचं… उद्यापासून जरा दुरुस्ती काढायची म्हणतोय."

"काढ बाबा," मी म्हटलं. "पत्रे जुने झालेच असतील."

नवे कोरे पत्रे. मी त्याचं नाक कापलं, त्याने दार लावलं. त्यात त्याची चूक काही नाही.

मग पुन्हा ते सगळं आलं. बूट, बर्फ, बस. मार्च तोंडावर, आणि पोरीचा हात पुन्हा भिंतीकडे. बालाउसा मला एकदाही म्हणाली नाही, की आई, थोडं थांबली असतीस तर. तिने म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं. एर्नाने मात्र अर्ध्या प्रदेशाला फोन लावले. शेवटी शेजारच्या तेमिरताऊ गावातल्या एका जुन्या कारखान्याची रेंज मिळाली, तिथल्या पहारेकऱ्यांची पाळी लागायच्या आधीची वेळ. उजाडता उजाडता तिथे पोचायचं, म्हणजे बसचा उपयोग नाही.

"दादा नेईल," बालाउसा म्हणाली. विचारलं नाही, नुसतं म्हणाली.

पहिल्या दिवशी मीही गेले, जागा बघायला. रस्त्यावर धुकं होतं, बर्फ आडवा वाहत होता. मेयराम पुढे वाकून गाडी चालवत होता. एर्ना पिस्तुलाची पेटी मांडीवर धरून बसलेली. 

रेंज जुनी. भिंतींचा रंग पोपडे धरलेला, ऊब यथातथाच. पण वर मोठा पंखा घरघरत होता आणि धूर उलटा येत नव्हता. रेषेशी एक ठेंगणी बाई उभी होती, हातात मोठी घंटा घेऊन. तिने घंटा वाजवली आणि माझेसुद्धा हात थांबले. मी ठरवलं, चालेल.

बालाउसाने कोट काढला, बोटांवर फुंकर घातली, उभी राहिली. पहिल्या गोळ्या इकडेतिकडे गेल्या. मग जवळ यायला लागल्या. एका ठिकाणी अजून नव्हत्या, पण आता काळ्या वर्तुळाच्या बाहेर जात नव्हत्या. एर्ना म्हणाली, "वेळ आहे अजून." वेळ फारसा नव्हता, पण एर्ना खोटं बोलणारी बाई नाही, म्हणून मी विश्वास ठेवला.

मेयराम आत आलाच नव्हता. मी कोटाची बटणं लावून बाहेर गेले. गाडी सुरू ठेवून तो आत बसला होता, काच थोडी खाली, कानाला फोन. "हो हो, उद्या सकाळी ना? येतो की, त्यात काय," असं म्हणत होता.

मी काचेवर टकटक केलं. त्याने फोन ठेवला आणि हसला. ते माझं लाडकं हसू. मी दार उघडून त्याच्या शेजारी बसले, आधी माझे पाय आत घेतले, मग दार ओढलं. श्वास जागेवर येऊ दिला.

"कोण होतं?"

"बाजारातला एक. माल उतरवायचाय त्याला."

"मेयराम, ऐक. तू वाईट माणूस नाहीस. वाईट असतास तर सोपं झालं असतं, तुला हाकलून दिलं असतं आणि पाय वर करून पडले असते. तू भिडस्त आहेस, आणि भीड ही भिकेची बहीण आहे. तू सगळ्यांना हो म्हणतोस, आणि ते हो नंतर घरातली कुठलीतरी बाई फेडते. कधी तुझी बायको, कधी मी. आता या पोरीवर वेळ आणलीस. तेमिरखानच्या घरी तू पहिल्यांदा खरं बोललास, ते मी ऐकलंय. तेवढ्यावर तुला सोडून देते. आता त्या बाजारवाल्याला फोन लाव आणि सांग, जमणार नाही. कारण सांगू नकोस, कारणं सांगायला लागलास की तू पुन्हा हो म्हणशील. मग आत जा. निवड होईपर्यंत रोज तूच हिला आणायचंस, आणि इथे गाडीत नाही, तिथे बाकावर बसायचंस. तुझ्या मुलीला नेम धरताना तू आजवर एकदाही बघितलेलं नाहीस. बघ. आणि यापुढे तिच्याबद्दल जे काही असेल, ते आधी तिला विचारायचं. मला विचारू नकोस. मी दमले."